फिस्टुलाला मराठीत काय म्हणायचं? पत्रकासाठी शब्द हवाय

वाळपईकरीण | १४ मे, रात्री ९:४०

मंडळी, एक शब्द हवाय आणि घाई आहे.

आमच्या महिला मंडळाने २३ मेसाठी एक पत्रक काढायचं ठरवलंय. बाळंतपणात होणाऱ्या फिस्टुलाबद्दल जागृतीचा हा दिवस संयुक्त राष्ट्रांतर्फे २०१३ पासून जगभर पाळतात. मलाही तो परवापर्यंत माहीत नव्हता. आरोग्यसेविकेने इंग्रजी मजकूर आणून दिला. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे भाषांतर माझ्या गळ्यात. पहिल्याच ओळीत अडकले.

आजार असा. बाळ आडलं, कळा दिवसच्या दिवस चालल्या आणि वेळेवर सिझेरियन झालं नाही, तर मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामधल्या भिंतीला भोक पडतं. मग लघवी थांबतच नाही. बसल्या जागी, झोपेत, रात्रंदिवस गळत राहते. कधी भोक मागच्या बाजूला पडतं आणि संडासही येते. बाळ बहुतेक वेळा गेलेलंच असतं.

आता याला म्हणायचं काय? फिस्टुला म्हटलं की आमच्याकडे डायलिसिसवाल्याच्या हातावरची फुगीर शीर आठवते. नाहीतर बसस्टँडच्या भिंतीवरची 'मूळव्याध, भगंदर, फिशर, विनाऑपरेशन' ही पाटी. शब्दकोशात 'नाडीव्रण' सापडला. मंडळात वाचून दाखवला तर एक वहिनी म्हणाली, "म्हणजे परकराची नाडी काचून पडलेला वळ का हो?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण शब्द तिथेच मेला.

वाचणारी बाई सातवी-आठवी शिकलेली असेल किंवा पत्रक कुणाकडून वाचून घेणारी. तिला वाचताक्षणी 'हे माझंच' असं वाटलं पाहिजे. सुचवा.

---

चिकूवाडी | १४ मे, रात्री १०:०२

योनीभगंदर?

---

शब्दवेल्हाळ | १४ मे, रात्री १०:१५

'भगंदर' आयुर्वेदात गुदद्वाराजवळच्या विकारासाठी ठरलेला आहे, तो इथे ओढला की घोळ होईल. 'प्रसूतिजन्य नालव्रण' कसा वाटतो? किंवा नुसतं 'मूत्रछिद्र'. सुटसुटीत आहे.

---

सुईदोरा | १४ मे, रात्री ११:२०

'मूत्रछिद्र' अजिबात नको. लघवीची जी मूळ, देवाने दिलेली जागा आहे तिलाच काही पुस्तकांत मूत्रछिद्र म्हणतात. ते तर सगळ्यांनाच असतं.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, दक्षिण गोव्यात. शब्दांत माझी गती नाही, पण हे कसं होतं ते सांगते. त्यातून कुणाला शब्द सुचला तर बघा.

बाळाचं डोकं खाली येऊन अडकतं. एका बाजूला ते कडक डोकं, दुसऱ्या बाजूला आईच्या ओटीपोटाचं हाड, आणि मध्ये मूत्राशयाची आणि योनीमार्गाची मऊ, पातळ भिंत. वाट मोकळी असेल तर डोकं पुढे सरकतं आणि दाब सुटतो. अडकलेलं डोकं हलतच नाही. तास जातात, दिवस जातो, दुसरा जातो. चिमटीत धरलेल्या त्या भागाला रक्तच मिळत नाही आणि तो मरतो. हे लगेच दिसत नाही. मेलेला भाग तीन ते दहा दिवसांनी गळून पडतो आणि तेव्हा लघवी सुरू होते. म्हणून कित्येक बायकांना वाटतं की बाळंतपण तर उरकलं होतं, हे नंतर काहीतरी निराळंच झालं. कुणी बाधा म्हणतं, कुणी करणी.

कुणाचा हात लागला म्हणून किंवा तिने काही खाल्लं म्हणून हे होत नाही. वेळ गेल्यामुळे होतं. पत्रकात एकच वाक्य घ्यायचं असेल तर हे घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी ५० हजार ते १ लाख बायकांना हे होतं. बहुतेक आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला आणि आशियात.

---

डिचोलीकर | १५ मे, सकाळी ७:५०

बाई, राग नको, पण हे पत्रक गोव्यात कशाला? इथे घरी बाळंत होणारी बाई दाखवा. सगळ्या दवाखान्यात जातात, १०८ ला फोन केला की गाडी दारात येते. आफ्रिकेतला आजार वाळपईच्या बाजारात वाटून काय मिळणार? त्यापेक्षा डेंग्यूचं काढा, पाऊस तोंडावर आहे.

---

सुईदोरा | १५ मे, दुपारी २:१०

प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. गोव्यात ती जवळजवळ सगळीच. आडलेल्या बाळंतपणातून झालेली ताजी फिस्टुला इथल्या मुलीत मी स्वतः वर्षानुवर्षं पाहिलेली नाही.

पण तीन गोष्टी सांगते. देशाच्या आकड्यात ११-१२ टक्के उरतात आणि त्यातल्या काही जणी कामाला गोव्यातच येतात. दुसरं, जुन्या काळातल्या बायका अजून हयात आहेत. तिसरं आपल्याला जरा झोंबणारं आहे. त्याच सर्वेक्षणात गोव्यात १०० पैकी जवळजवळ ४० बाळंतपणं सिझेरियनने झालेली आहेत, देशाची सरासरी २१.५. सिझेरियन करताना, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मूत्राशय चिकटलेलं असताना, किंवा गर्भपिशवी काढताना मूत्राशयाला इजा झाली तर तिथेही असंच भोक पडू शकतं. हे क्वचित होतं. पण जिथे बाळंतपणं सुरक्षित झाली तिथे फिस्टुलाच्या रुग्णांत याच बायका जास्त दिसतात.

---

डिचोलीकर | १५ मे, दुपारी २:३१

हे ठाऊक नव्हतं. वाचतोय.

---

खाजनवाला | १५ मे, संध्याकाळी ६:४५

आमची शेतं खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, म्हणून मला जे दिसलं ते सांगतो. डॉक्टर, चूक असेल तर कान धरा.

खाजनाला बांध असतो आणि पाणी आत-बाहेर करायला मानस, म्हणजे फळ्यांचं दार. मानशीच्या फळ्या झिजल्या की भरतीच्या जोराला थोडं खारं पाणी झिरपतं. आमची आई हल्ली शिंकली, खोकली की तिला थेंबभर होतं, ते हे. फळी सैल झालीय. पण बांधालाच भगदाड पडलं तर मानस कितीही घट्ट बंद ठेवा, उपयोग शून्य. भरती असो की ओहोटी, पाणी वाहतच राहणार. फिस्टुला म्हणजे हेच ना?

---

सुईदोरा | १५ मे, रात्री ९:०५

खाजनवाले, हे मी उद्यापासून ओपीडीत वापरणार. नेमका हाच फरक आहे. शिंकल्यावर, हसल्यावर, घागर उचलताना थेंब-दोन थेंब जाणं चाळिशीनंतर कितीतरी बायकांना होतं. त्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम आहेत, इतरही उपाय आहेत. ती फळी. पण आडव्या पडलेल्या असतानाही, काही न करता, सतत ओलं होत असेल आणि ते बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर काही दिवसांतच सुरू झालं असेल, तर बांध तपासायला हवा.

एक जोड. बाळंतपणानंतर पहिल्या दिवसांत लघवी तुंबून मूत्राशय भरतं आणि वरून सांडल्यासारखी गळते. तेही दाखवायलाच हवं, पण ते वेगळं.

---

शब्दवेल्हाळ | १५ मे, रात्री ९:३०

उपमा फक्कड. मात्र 'बांध फुटला' म्हटलं की मराठीत अश्रूंचा, नाहीतर संयमाचा फुटतो. शीर्षकात नको.

---

वाळपईकरीण | १६ मे, पहाटे ५:१५

रात्रभर झोप लागली नाही. डॉक्टरांचं 'तीन ते दहा दिवसांनी' वाचलं आणि डोळ्यांसमोर आमची पडवी आली.

माझ्या वडिलांची आत्या होती, आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. चौदाव्या वर्षी लग्न झालं, सासर सत्तरी तालुक्यातच, नदीपलीकडे. पहिलं बाळंतपण पोर्तुगीज राजवटीत, ५०च्या दशकात. ऐन पावसात कळा सुरू झाल्या. वैजीण, म्हणजे सुईण होती, पण बाळ आडलं. तिसऱ्या दिवशी कांबळीच्या झोळीत घालून निघाले तर नदी चढलेली, होडीवाला तयार होईना. उतार पडेपर्यंत काठावरच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात थांबले. मूल मेलेलंच जन्मलं. आजी एवढंच सांगायची आणि पुढे म्हणायची, "मग तिला तो रोग लागला." कोणता रोग ते कुणी विचारलं नाही. महिन्याभरात सासरच्यांनी आणून सोडली ती कायमची.

आक्का मागच्या पडवीत राहायची. स्वयंपाकघरात येत नसे. आम्हा मुलांना वाटायचं सोवळं कडक आहे. पहाटे सगळ्यांच्या आधी व्हाळावर जाऊन धुणं धुऊन यायची. तेवढं धुणं एका बाईचं कसं, हा प्रश्न मला आज पडतोय. जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांचं एक गाठोडं होतं, त्याला आम्ही हात लावलेला तिला चालायचा नाही. पाणी जेमतेम घोटभर प्यायची, उन्हाळ्यातसुद्धा. जत्रेला नाही, शिगम्याला नाही, कुणाच्या लग्नाला नाही.

आणि सुरंगी. होळीच्या आसपास सुरंगी फुलली की त्या घमघमणाऱ्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, पडवीभर टांगलेले. दाराला, खुंटीला, उशाशी. सुकले तरी काढायची नाही. आम्ही म्हणायचो, आक्काला फुलांचं भारी वेड. मी तर शाळेत एकदा तिच्यावर निबंध लिहिला होता, 'फुलवेडी आक्का'. गुरुजींनी वर्गात वाचून दाखवला होता.

१९९१ मध्ये गेली. मी तेव्हा नोकरीला लागले होते. मला विचारता आलं असतं.

---

चिकूवाडी | १६ मे, सकाळी ६:०२

बाई, वाचलं. काय लिहू कळत नाही.

---

सुईदोरा | १६ मे, सकाळी ८:२०

ताई, एक विचारते. आक्का चालताना पाय ओढत होत्या का? पाऊल वर उचलायचं नाही, असं?

---

वाळपईकरीण | १६ मे, सकाळी ८:४४

डावा. तिच्या वहाणेचा पुढचा भाग नेहमी झिजलेला असायचा. घरात सांगत की लहानपणी आंब्यावरून पडली. तुम्हाला कसं कळलं?

---

सुईदोरा | १६ मे, सकाळी ९:३०

ज्या दाबाने मूत्राशयाची भिंत मरते, त्याच दाबाखाली पायाकडे जाणाऱ्या नसाही चिरडतात. पुस्तकात याचं वर्णन आहे. काहींचा पाय महिन्यांनी सुधारतो, काहींचा राहतो तसाच. मी आक्कांना तपासलेलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगू शकत नाही. पण तुम्ही लिहिलेलं एकत्र वाचलं तर दुसरं काही मनात येत नाही.

कमी पाणी पिणं हीसुद्धा ठळक खूण. बायकांना वाटतं पाणी कमी तर गळणं कमी. उलट लघवी घट्ट होते, वास वाढतो, मांड्यांची कातडी जळते, खडे होतात. पत्रकात लिहाच: पाणी तोडू नका.

आणि आज हे घडलं तर काय करता येतं तेही लिहा. फार आडलेल्या बाळंतपणानंतर नळी, म्हणजे कॅथेटर, दोन आठवड्यांपर्यंत ठेवतात, म्हणजे मूत्राशय रिकामं राहतं आणि दुखावलेल्या भिंतीला भरून यायला उसंत मिळते. भोक लहान आणि ताजं असेल तर चार-सहा आठवडे नळी ठेवून ते आपोआपही बुजतं. नाहीतर शस्त्रक्रिया. जखमेची सूज उतरेपर्यंत थांबून, साधारण तीन महिन्यांनी. अनुभवी हातांत दहापैकी आठ-नऊ जणींचं भोक बंद होतं. पण पहिली शस्त्रक्रिया सगळ्यांत महत्त्वाची. फसली तर दर वेळी अवघड होत जातं, म्हणून ती जिथे हे काम नेहमी होतं तिथेच करून घ्यावी. भोक साधं असेल तर नंतर नळी ७ ते १० दिवस. काही महिने संबंध टाळायचे. पुढचं मूल हवं असेल तर जरूर, पण बाळंतपण सिझेरियननेच.

तीस वर्षं जुनी फिस्टुलासुद्धा शिवता येते. 'आता काय उपयोग' असं कुणी म्हणू नये.

---

जुनी_पानं | १६ मे, दुपारी १२:१५

आजार फार जुना आहे. इजिप्तमधल्या हेनहेनित नावाच्या राणीच्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या ममीत हे भोक सापडलंय. म्हणजे राजवाड्यातही आडलेल्या बाळंतपणापुढे काही चाललं नाही.

शस्त्रक्रियेचा इतिहास ऐकायला बरा नाही. अमेरिकेत अलाबामामध्ये मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा प्रयोग करून ती बसवली. अनार्का, बेट्सी आणि लुसी ही त्यांतली तीन नावं उरली आहेत. एकट्या अनार्कावर तीस वेळा. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ होता, तो २०१८ मध्ये हलवला. याचं श्रेय कुणाला द्यायचं यावर माझं आणि माझ्या डॉक्टर भावाचं अजून भांडण आहे.

दुसरं टोक इथिओपियात. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅमलिन हे डॉक्टर जोडपं १९५९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून तीन वर्षांसाठी म्हणून अदिस अबाबाला गेलं ते तिथेच राहिलं. १९७४ मध्ये त्यांनी फक्त फिस्टुलाचं रुग्णालय काढलं. कॅथरीनबाई २०२० मध्ये ९६व्या वर्षी गेल्या. त्यांच्या पहिल्या रुग्णांपैकी एक मामितू गाशे. शाळेचं तोंड न पाहिलेली मुलगी. बरी झाल्यावर तिथेच मदतीला राहिली आणि शिकत शिकत स्वतः ही शस्त्रक्रिया करू लागली.

---

बेतीचा_धक्का | १६ मे, दुपारी ३:४०

होडीवाला तयार होईना, यावरून. माझा जन्म जुलै १९८६ चा. त्याच महिन्याच्या ५ तारखेला मांडवीवरचा पूल कोसळला होता. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही पर्वरीला आणि इस्पितळ नदीपलीकडे. बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी ही रांग. बाबा सांगतात की पुढच्या ट्रकवाल्याने उतरून सगळ्यांना बाजूला केलं आणि आमची टॅक्सी आधी चढवली. पणजी समोर दिसतेय, दिवे दिसतायत, आणि जाता येत नाही. मी आणि आई दोघंही ठीक. पण नदी ओलांडायला उशीर झाला तर काय, हे आमच्या घरात दर वाढदिवसाला निघतं.

---

सुईदोरा | १६ मे, संध्याकाळी ७:००

प्रसूतिशास्त्रात तीन उशीर शिकवतात. घरात ठरवायला, वाटेत पोचायला आणि पोचल्यावर इलाज सुरू व्हायला. आक्कांचे पहिले दोन. तिसरा कमी व्हावा म्हणून प्रसूतिगृहात पार्टोग्राफ नावाचा तक्ता भरतात. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, डोकं किती खाली आलं, बाळाचे ठोके किती, हे ठरावीक वेळाने त्यावर मांडायचं. गाडी रुळावरून घसरतेय हे कागदावर आधी दिसतं. बाईच्या सोबत असाल तर तक्ता भरताय का, असं विचारा. विचारलेलं आवडत नाही सगळ्यांना, तरी विचारा.

---

पानवेल | १६ मे, रात्री १०:५०

मला वेगळं म्हणायचंय. आधीच इथे उठसूट सिझेरियन होतात. त्यात असलं पत्रक वाचून पोरी अजून घाबरणार. आपल्या आज्या घरीच बाळंत झाल्या. शरीरावर विश्वास ठेवला की सगळं नीट होतं. माझ्या मैत्रिणीचं मागच्या वर्षी हणजूणला घरी पाण्यात झालं, सुंदर अनुभव.

---

डिचोलीकर | १६ मे, रात्री ११:०४

आज्या घरीच बाळंत झाल्या. आक्कापण घरीच.

---

पानवेल | १६ मे, रात्री ११:१०

एका उदाहरणावरून मला गप्प करू नका.

---

सुईदोरा | १७ मे, सकाळी ७:३०

पानवेलचं अर्धं खरं आहे. गरज नसताना सिझेरियन होतात आणि त्यावर निराळा धागा निघायला हवा. मीही लिहीन, माझ्या व्यवसायातले मित्र कमी होतील. पण नैसर्गिक प्रसूती आणि एकटी पडलेली प्रसूती यांत फरक करा. मैत्रिणीबरोबर प्रशिक्षित माणूस असेल, दारात गाडी असेल, म्हणून ते सुंदर झालं. ज्या बाईचं बाळ खरंच आडलंय तिच्या शरीराने विश्वास ठेवला तरी हाड वाकत नाही.

---

नवा_आयडी_४६ | १८ मे, रात्री १:२०

मी इथे नेहमी वेगळ्या नावाने लिहिते. हे त्या नावाने लिहिणार नाही.

चार वर्षांपूर्वी माझी पिशवी काढली, एका खासगी दवाखान्यात. नवव्या दिवशी सकाळी अंथरूण ओलं. वाटलं, झोपेत झालं असेल. दुपारी पुन्हा. संध्याकाळपर्यंत कळलं की हे थांबतच नाहीये. टाके बघायला गेले तेव्हा सांगितलं तर उत्तर मिळालं, वय झालं की होतं असं, व्यायाम करा. मी ४६ वर्षांची होते. दीड महिना व्यायाम केले. खाजनवाल्यांचं वाचून हसू आलं, मी दीड महिना मानशीच्या फळ्या आवळत होते आणि बांध उघडा.

त्या दीड महिन्यात मी काय काय केलं. ऑफिसात काळीच साडी. बसमध्ये उभी. खुर्चीवर प्लास्टिक. नवऱ्याला सांगितलं की पाठ दुखते म्हणून वेगळी झोपते. शेवटी बहिणीने ओढून बांबोळीला, सरकारी इस्पितळात नेलं. तिथे निळं औषध मूत्राशयात सोडून आत कापसाचे बोळे ठेवतात आणि कुठला बोळा निळा होतो ते बघतात. सगळ्यांत आतला जर नुसताच ओला झाला, निळा नाही, तर गळती वरच्या मूत्रवाहिनीतून. माझा मधला निळा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "तुम्हाला भास होत नव्हता." मी तिथेच रडले. पुढे शस्त्रक्रिया झाली, आता कोरडी आहे. चार वर्षं झाली तरी रात्री उठून चादर चाचपते.

हे सगळं शब्दावरून लिहायला घेतलं. तुम्ही सोपा शब्द शोधताय, आणि बाईला कळावं म्हणून तो हवाच. पण केसपेपरच्या खिडकीचा विचार करा. आतला माणूस काचेतून ओरडून विचारतो, "कितें जाता?", काय होतंय. मागे पंधरा माणसं, त्यात एखादा शेजारी. तिथे मी "लघवी गळते" म्हणू शकले नसते, दोनदा रांगेतून परत आले होते. बहिणीने कागदावर 'फिस्टुला' लिहून दिलं होतं, तेवढंच म्हटलं. त्याला कळलं, रांगेत कुणाला कळलं नाही. तुम्हाला नडतो तो न कळणारा शब्द मला त्या दिवशी पदरासारखा उपयोगी पडला.

उत्तर द्यायला मी परत येईन असं नाही.

---

वाळपईकरीण | १८ मे, सकाळी ६:३०

बाय, तुझं नाव माहीत नाही. पण तू माझं काम सोपं केलंस.

तीस वर्षं मुलांना सांगितलं की कठीण शब्दाला सोपा प्रतिशब्द शोधा. तो लपायलाही कामाला येतो हे कधी मनात आलं नाही.

---

शब्दवेल्हाळ | १८ मे, सकाळी ९:००

नालव्रण मागे घेतो.

---

डिचोलीकर | १९ मे, रात्री ८:१५

मी सुरुवातीला पत्रक कशाला म्हणालो होतो. आता एक सांगतो.

आमच्या घरासमोर इमारतीचं काम चालू आहे. मजूर विजापूरकडचे, लमाणी. त्यात एक बाई, वीस-बावीसची असेल. ती इतर बायकांबरोबर जेवायला बसत नाही, लांब सिमेंटच्या गोणींपाशी बसते. उठली की जागेवर पाणी ओतते. माझी बायको म्हणायची काय स्वच्छ पोरगी आहे. धागा वाचून दाखवल्यावर बायको दुपारी तिच्याकडे गेली. खुणा आणि मोडकीतोडकी हिंदी. पोर गावात झोपडीतच झालं, दोन दिवस लागले, गेलं. त्याला दीड वर्ष झालं. मुकादम म्हणतो, तिला मूत्राची सवय आहे.

डॉक्टर, काय करायचं?

---

सुईदोरा | १९ मे, रात्री ८:५०

बांबोळीला स्त्रीरोग विभागात आणा, तिथून गरज पडली तर यूरॉलॉजीकडे पाठवतील. सोबत एक बाई हवी. आधारकार्ड असेल तर घ्या, नसेल तर त्यापायी थांबू नका. तपासणीच्या दिवशी पाणी पिऊन यायला सांगा. नवऱ्याला आधी समजावा, नाहीतर तो अर्ध्यातून परत नेतो. आणि 'एका दिवसात बरं होईल' असं कबूल करू नका. अंगात रक्त कमी असेल, कातडी सोललेली असेल, आधी ते सुधारावं लागेल. मजुरी बुडणार, त्याचं काय ते मुकादमाशी तुम्हीच बोला, तुमचं ऐकेल.

---

बेतीचा_धक्का | १९ मे, रात्री ९:१०

मजुरीचं माझ्याकडे लागलं. व्यनि (खासगी निरोप) करतो.

---

वाळपईकरीण | २० मे, संध्याकाळी ५:००

पत्रक छापायला दिलं. नाव नाहीच घातलं, वर प्रश्न घातलाय. मजकूर असा:

"बाळंतपणानंतर किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर लघवी सारखी गळते? झोपेतही? शिंकताना थेंबभर जाते ते वेगळं. ही गळती थांबतच नाही. ही तुमची सवय नाही, वय नाही, कुणाची करणी नाही. आतल्या भिंतीला भोक पडलंय आणि ते शिवता येतं, कितीही वर्षं झाली असली तरी. पाणी पिणं सोडू नका. बाळंतपणाच्या कळा लांबल्या तर घरी वाट बघू नका, १०८ ला फोन करा. दवाखान्याच्या खिडकीवर काही सांगायचं नसेल तर हा तुकडा फाडून द्या."

खाली टिंबांची रेघ, आणि रेघेखाली एकच शब्द: फिस्टुला.

छापखानावाल्याने विचारलं, एवढी जागा कोरी का सोडली? म्हटलं, फाडायला.

---

डिचोलीकर | २१ मे, रात्री ९:४०

नवरा तयार झाला. मंगळवारी सकाळी नेतोय, बायको सोबत आहे. पण तपासताना आत डॉक्टर काय विचारतील ते तिला कळायला हवं आणि मुकादमाला दुभाष्या म्हणून आत न्यायचं नाही, असं ती खुणेने तीनदा सांगते. इथे लमाणी बोलणारी कुणी बाई आहे का?

---

तांड्यावरची | २१ मे, रात्री १०:२५

मी आहे. आई-बाबा कळंगुटला कपडे विकायचे, मी इथेच शिकले. हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतेय, लिहिलं नव्हतं. किती वाजता?

---

डिचोलीकर | २१ मे, रात्री १०:२७

साडेआठला. केसपेपरच्या खिडकीपाशी.